नावाचा फेरफार

२०१६ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी दुकान बंद करता करता मेल आला. एकच ओळ होती: हे नाव विकायचं आहे का? खाली सही नाही, कंपनीचं नाव नाही, पत्ता साधा जीमेलचा. सांगलीत लोकांना वेबसाइट करून देण्याचा माझा छोटा व्यवसाय आहे. त्यासोबत चार वर्षं मी बरी वाटतील ती डोमेन नावं, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, नोंदवून ठेवत होतो, आणि या चार वर्षांत विचारायला आलेला हा पहिला माणूस. मी उभ्याउभ्याच उत्तर लिहिलं, "हो, १५,००० रुपये." सातव्या मिनिटाला परत मेल : "चालेल. खाते क्रमांक पाठवा."

ते "चालेल" वाचून आनंद झाला आणि त्याच क्षणी पोटात कालवलंही. एक शब्द घासाघीस नाही, म्हणजे त्यानं मनात धरलेला आकडा माझ्या आकड्याच्या कितीतरी वर होता. पण शब्द गेला होता. व्यवहार पुरा केला. दीड वर्षानं पुण्यात रिक्षांच्या पाठीवर ते नाव मोठ्या अक्षरांत दिसायला लागलं.

वडील शेतकरी. खरसुंडीच्या यात्रेत खिलार बैल विकायला जायचे तेव्हा लहानपणी मी बरोबर असायचो. रुमालाखाली हात, बोटं दाबून भाव, वर मात्र दोघांचे चेहरे कोरे. मला तो रुमालच आठवत राहिला होता. त्या विक्रीनंतर आईशी बोलताना खरी गोष्ट कळली. वडील घरातून निघताना तिला आकडा सांगून जायचे, "एवढ्याच्या खाली मागितला तर परत आणतो." आणि दोनदा खरंच बैल परत आणला होता, चालत. बाजारातली कसोटी पार करण्याची तयारी घरीच झालेली असायची. माझ्याकडे मेल आला तेव्हा मनात आकडाच नव्हता.

म्हणून एक वही घातली. माझ्याकडे तेव्हा ३८ नावं होती. प्रत्येक नावापुढे तीन आकडे लिहायला घेतले: मागायचा, पटेल असा, आणि ज्याच्या खाली बैल परत आणायचा तो. हे लिहायला मला तीन महिने लागले, कारण अंदाजानं लिहायचं नव्हतं. नेमबायोसारख्या ठिकाणी आधी झालेल्या विक्रींच्या नोंदी मिळतात, त्या पाहिल्या. एखादं नाव 'डॉट नेट', 'डॉट इन' किंवा मधे जोडरेघ घालून किती जणांनी घेतलंय ते पाहिलं. तेच शब्द वापरून धंदा करणारे जितके जास्त, तितके गिऱ्हाईक जास्त. पुढे वर्तमानपत्रांत व्हॉइस डॉट कॉमची बातमी आली, २०१९ मध्ये ते ३ कोटी डॉलरला गेलं. अशा बातम्यांचा आपल्या वहीशी काही संबंध नसतो. माझ्या वहीतल्या बऱ्याच नावांपुढे तिसरा आकडा शून्य आला. ती नावं मी मुदत संपल्यावर सोडून दिली. दर नावाला तेव्हा वर्षाला आठशे-हजार रुपये नूतनीकरणाचे जायचे, आणि त्या ओझ्याखाली असलेला माणूस भाव करताना वाकतोच.

वही लिहिताना एक चूकही उघडी पडली, ती सांगायला हवी. २०१४ मध्ये एका कंपनीची बातमी वाचून त्याच दिवशी मी तिच्या नावाचं डोमेन घेतलं होतं आणि त्यांना मेल करून ५०,००० मागितले होते. २०१७ मध्ये त्यांच्या वकिलांची नोटीस आली. तेव्हा कुठे मी नियम वाचले. सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्येच, सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या खटल्यात, डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळतं असं सांगितलं आहे. 'डॉट कॉम'साठी आयकॅनचं, म्हणजे जगभरच्या डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेचं, १९९९ पासूनचं वादनिवारण धोरण आहे. त्यात तक्रारदाराला नोंदणी आणि वापर दोन्ही वाईट हेतूनं झाल्याचं दाखवावं लागतं. 'डॉट इन'च्या धोरणात दोन्हींपैकी एक पुरतं. आणि ट्रेडमार्कच्या मालकालाच चढ्या भावानं विकण्यासाठी नाव घेणं हा तर वाईट हेतूचा सरळ पुरावा. माझा तो मेलच माझ्याविरुद्धचा कागद होता. मी माफी मागून नाव विनामूल्य देऊन टाकलं. ते माझं नव्हतंच. त्याच आठवड्यात ट्रेडमार्कच्या सरकारी शोधपानावर वहीतलं प्रत्येक नाव तपासलं आणि शंका आली ती सहा नावं काढून टाकली. आजही उत्तर लिहिण्याआधी मी हे पान उघडतो. नाव साध्या शब्दांचं असेल आणि आपण ते समोरच्याच्या कंपनीच्या आधीपासून धरलेलं असेल, तर ताठ मानेनं भाव सांगता येतो.

२०१८ मध्ये दुसरा धडा. परदेशातून ८,००० डॉलरची ऑफर. मेलची भाषा अदबीची. फक्त एक अट : एका ठरावीक संस्थेकडून नावाचं मूल्यांकन प्रमाणपत्र घ्या, म्हणजे आमचे गुंतवणूकदार पैसे सोडतील. प्रमाणपत्राची फी नव्वद डॉलर. मी कार्ड काढून बसलो होतो. बायको भाजी निवडत होती, तिनं सगळं ऐकून विचारलं, "अहो, त्याला भाव माहीत नाही म्हणून प्रमाणपत्र हवंय ना? मग आठ हजार त्यानं कुठून काढले?" मी लिहिलं की प्रमाणपत्र तुम्हीच काढा, खर्च किमतीतून वळता करून घेऊ. पुन्हा मेल आला नाही. ही जुनी फसवणूक आहे, ते नंतर कळलं. प्रमाणपत्र देणारी 'संस्था' त्यांचीच असते.

आता ज्या सौद्यासाठी हे लिहायला बसलो तो. नाव सांगत नाही, कारण ज्यांनी घेतलं ते त्यावर व्यवसाय करतात. इंग्रजीतले दोन साधे शब्द, एक हळदीचा, दुसरा व्यापाराचा, पुढे 'डॉट कॉम'. २०१३ मध्ये जुन्या मालकानं नूतनीकरण केलं नव्हतं. मुदतीनंतरचे सवलतीचे दिवस संपले, मग ३० दिवसांचा सोडवून घेण्याचा काळ संपला, मग शेवटचे पाच दिवस, आणि नाव मोकळं झालं त्या दिवशी मी ते नोंदवलं. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा वहीत त्याच्यापुढचे आकडे वाढवले होते. तिसरा आकडा : ४,००० डॉलर.

२०२१ मध्ये एका दलालाचा मेल आला. ग्राहकाचं नाव गुप्त, बजेट ५०० डॉलर. मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी लिहिलं : ५०० मध्ये जमणार नाही, किंमत ९,५०० आहे, ग्राहकाला नाव खरोखर हवं असेल तर बोलू. मेलमध्ये मी किती वर्षं नूतनीकरण भरलं, किती वाट पाहिली, यातलं काही लिहिलं नाही. घेणाऱ्याला माझ्या खर्चाशी देणंघेणं नसतं. नाव किती वर्षांपासून नोंदलेलं आहे, आणि जोडरेघेचं नाव घेतलं तर त्यांच्या ग्राहकांचे मेल चुकून या पत्त्याकडे येत राहतील, एवढ्या दोनच गोष्टी सांगितल्या.

१,२०० आले. मी ८,४०० सांगितले. मग २,५०० आले, सोबत "हे शेवटचं". मी ७,६०० लिहिले आणि पलीकडून शांतता पसरली.

१९ दिवस. ते दिवस मला नीट आठवतात. त्याच महिन्यात बऱ्याच नावांचं नूतनीकरण भरायचं होतं, लॉकडाऊननंतर दुकानाचं काम मंद होतं. चार वेळा मेल लिहिला: "५,००० ला देतो." चार वेळा पुसला. एकदा बायकोनं वही उचलली आणि बोट ठेवलं, "इथं चार हजार लिहिलंय. आलेत अडीच. मग लिहिताय कुणाला?" तिच्या त्या प्रश्नानं मी थांबलो. थांबल्यावर आकडे पुन्हा पाहिले आणि एक गोष्ट दिसली, जी घाईत दिसली नव्हती. माझी उतरण ११०० ची, मग ८०० ची: लहान होत होती. त्याची चढण ७०० ची, मग १,३०० ची. तोंडानं शेवटचं म्हणणारा माणूस पावलं मात्र मोठी टाकत होता. पिशवी रिकामी होत आलेल्याची पावलं अशी वाढत नाहीत.

विसाव्या दिवशी मेल आला : ५,०००. तळ ओलांडला होता, त्या रात्री झोप चांगली लागली. मी ६,९०० वर आलो. तो ६,००० वर. मी शेवटी लिहिलं, ६,२००, आणि एस्क्रोची फी तुमच्याकडे; याला आज होकार असेल तर आजच व्यवहार सुरू करतो. तासाभरात होकार आला. या वेळचा होकार वाचून पोटात काही झालं नाही.

एस्क्रो म्हणजे तिऱ्हाईताकडे पैसे ठेवणं. घेणारा रक्कम तिथं भरतो, ती जमा झाल्याचं कळल्यावर आपण नाव हस्तांतरित करायचं, घेणाऱ्यानं मिळालं म्हटलं की तिऱ्हाईत आपल्याला पैसे सोडतो. आम्ही एस्क्रो डॉट कॉम वापरलं. खोट्या एस्क्रोच्या हुबेहूब साइट असतात, त्यामुळे मेलमधल्या दुव्यावर न जाता पत्ता हातानं टाइप करायचा आणि पैसे आले का ते खात्यात शिरूनच पाहायचं.

पैसे जमा झाले. मी रजिस्ट्रारकडून, म्हणजे जिच्याकडे नाव नोंदवलेलं असतं त्या कंपनीकडून, ऑथ कोड (नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायला लागणारा गुप्त संकेत) काढायला गेलो आणि तिथं अडलं. तीन आठवड्यांपूर्वी मी नोंदणीतलं माझ्या आडनावाचं चुकलेलं स्पेलिंग आणि मेलचा पत्ता बदलला होता. आयकॅनचा २०१६ च्या डिसेंबरपासूनचा नियम असा की नोंदणीदाराचं नाव किंवा मेल बदललं, आणि बदलताना आपण सूट घेतली नसेल, तर ६० दिवस नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही. दलालाला वाटलं मी भाव वाढवायला कारण शोधतोय. मेलचा सूर एकदम बदलला. मी लपवाछपवी केली नाही, नियम आणि तारीख कळवली, आणि मार्ग सुचवला : तुमच्या ग्राहकानं माझ्याच रजिस्ट्रारकडे खातं उघडावं. एकाच रजिस्ट्रारकडे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नाव सरकवायला त्या ६० दिवसांच्या बंदीची अडचण येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी नाव गेलं. आठवड्याभरात बँकेचा फोन, परदेशातून रक्कम आलीय, उद्देश काय? बीजक आणि व्यवहाराची कागदपत्रं तयार होती, ती दिली. साडेचार लाखांच्या आसपास रक्कम जमा झाली.

सगळ्याच गिऱ्हाइकांशी रुमालाखाली बोलायचं नसतं, हे पुढच्या वर्षी कळलं. तासगाव भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या अध्यक्षांचा फोन आला. बेदाण्यावरचं माझं एक 'डॉट इन' नाव त्यांना हवं होतं. अण्णा साठीचे. त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, "साहेब, आमच्याकडं पंचवीस हजार हायत. जास्त न्हाईत. तुमचं कितीला हाय ते खरं सांगा." वहीत मागायचा आकडा ९०,००० होता, तळ ४०,०००. समोरच्यानं आपला हात उघडा केल्यावर मला ९०,००० म्हणवेना. म्हटलं, "अण्णा, चाळीसच्या खाली मला परवडत नाही. पण एकदम देऊ नका." वर्षभराचे हप्ते ठरले, दहा पहिल्यांदा आणि महिन्याला अडीच हजार. नाव माझ्या खात्यात राहणार, पण चालणार त्यांच्या वेबसाइटवर. शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं आणि लिहूनही दिलं : हप्ते पूर्ण झाले की मी सात दिवसांत नाव वर्ग करीन, आणि तोवर नूतनीकरण माझ्याकडे. त्यांनी मराठीत नाव मिळत नाही का विचारलं. मिळतं, देवनागरीत 'डॉट भारत' २०१४ पासून आहे. तेही त्यांच्या नावे नोंदवून दिलं, पण परगावच्या व्यापाऱ्याला टाइप करायला सोपं म्हणून इंग्रजीतलं नाव हवंच होतं.

एकही हप्ता चुकला नाही. द्राक्षाच्या छाटणीच्या महिन्यातसुद्धा पाच तारखेला पैसे यायचे. बारावा हप्ता आल्यावर मी नाव त्यांच्या खात्यात सरकवलं आणि फोन केला. अण्णा म्हणाले, "ते झालं साहेब, पण सातबाऱ्यावर आमचं नाव लागलं का?"

मी त्यांना दुकानात बोलावलं. नोंदणीचा तपशील दाखवणारं पान उघडलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. नोंदणीदार संस्थेच्या रकान्यात त्यांच्या कंपनीचं पूर्ण नाव होतं. अण्णांनी चष्मा लावून ते अक्षर अक्षर वाचलं, मग म्हणाले, "याची एक प्रत काढून द्या. ऑफिसात लावतो."