लेकराला डोस कुठं दिले?

मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या तालुका विधी सेवा समितीत विधी स्वयंसेवक म्हणून बसलं की घटस्फोटाचे कागद रोज हाताखालून जातात. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या त्या बाईची फाईल मात्र लक्षात राहिली. नवरा चाकणला कंपनीत, त्यानं पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा दावा टाकलेला. बाई माहेरी. साडेचार वर्षांचा मुलगा सासरच्या गावात आजीकडं, तोही दोन महिन्यांपूर्वी नेलेला.

भावानं वकील लावला होता. "लेकरू मिळवून देतो म्हनले, उरलेली फी लेकरू आल्यावर द्या," तो सांगत होता. निकालावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमात मनाई आहे. असं बोलणाऱ्यापासून लांबच राहावं. मोबाईलवर सीएनआर नंबर, म्हणजे खटल्याचा ओळख क्रमांक, टाकून रोजनामा, म्हणजे तारखेगणिक काय झालं त्याची कोर्टातली नोंद, पाहिला. तारखेमागून तारखा, मुलाच्या ताब्याचा अर्जच नाही.

इथं वेळ महागात जातो. 1956 च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याच्या कलम 6 प्रमाणे पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडं राहतं, पण आपोआप नाही. कलम 13 नुसार शेवटी मुलाचं हित पाहतात. मूल आजीकडं रुळलं, शाळेत नाव पडलं, की समोरचा वकील तेच पुढं करतो.

अर्ज कुठं करायचा, हाही प्रश्नच. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली करावा तर पुण्याला खेटे. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली मूल जिथं नेहमी राहतं त्या जिल्ह्यात करता येतो, पण तिथं 'नेहमी' कुठं यावरच वाद रंगतो. मारहाणीची तक्रार आधीची होती, म्हणून कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम 21 सोयीचं: तात्पुरता ताबा, आणि बाई राहते त्याच तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटपुढं.

बाईमाणसाला समितीकडून मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. आधार, लग्नाचा पुरावा, मुलाचा जन्मदाखला आणि साधा अर्ज पुरतो. माहिती विधी सेवेच्या 15100 या हेल्पलाईनवर मिळते. समितीच्या पॅनेलवरच्या, म्हणजे यादीतल्या, वकिलांपैकी पसंतीही सांगता येते. फुकटचा वकील म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात, पण पारख फीवरून होत नाही. पॅनेलवरच्या एकानं आधी नवऱ्याचा पगार विचारला. दुसरीनं विचारलं, "ताई, लेकराला डोस कुठं दिले? अंगणवाडीत नाव कुठल्या गावात?"

बाईनं पिशवीतून लसीकरणाचं कार्ड काढलं. कडा कुरतडलेल्या, हळदीचा डाग, आणि शिक्के सगळे माहेरच्या उपकेंद्राचे. म्हणजे लेकरू जन्मापासून आईजवळच वाढलेलं. अंगणवाडीच्या हजेरीची नक्कल त्याला जोडली. हीच वकील ठरली.

जुन्या वकिलानं राहिलेल्या पैशासाठी फाईल अडवली. फी थकली म्हणून पक्षकाराचे कागद दाबून ठेवता येत नाहीत, हा सर्वोच्च न्यायालयाचा 2000 सालचा निकाल आहे. तसं लेखी कळवल्यावर कागद आले, वकीलपत्रावर ना हरकतही आली.

अंतरिम आदेशानं मूल आईकडं आलं. वडिलांची भेट मात्र लिहिली होती एक रविवार आड, कोर्टाच्या आवारात. आणि रविवारी कोर्टाला कुलूप. दोन्हीकडची माणसं गेटबाहेर हमरीतुमरीवर आली. मग दुरुस्तीचा अर्ज देऊन पहिला आणि तिसरा शनिवार करून घेतला, कारण कोर्ट दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बंद असतं. वेळ अकरा ते एक, आणायचं कुणी, न्यायचं कुणी, सगळं आदेशातच लिहून घेतलं.