मॅन गल्चचा चढ

अमेरिकेत, मोंटानातल्या हेलेना शहरापासून उत्तरेला साधारण ३२ किलोमीटरवर मिसूरी नदीचा धक्का आहे. इथल्या दरीला 'गेट्स ऑफ द माउंटन्स' हे नाव १८०५ साली मेरिवेदर लुईस या शोधप्रवाशाने दिलेलं. उन्हाळ्यात इथून बोटी सुटतात आणि चुनखडीच्या कड्यांमधून मेरिवेदर घळीपाशी थांबतात. १९४९ च्या वणव्यात १३ जण गेले ती मॅन गल्च नावाची घळ बघायला तिथून चढायचं. उतरतानाच परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ विचारून घ्यावी. पाणी सोबतच न्यावं, चढावर त्याचा भरवसा नाही. गवतात रॅटलस्नेक असतात.

मधल्या धारेवर पोचलं की पलीकडे मॅन गल्च दिसते. समोरच्या उतारावर १३ खुणा आहेत, पण त्या ओळीत नाहीत. जो जिथे पडला, तिथे त्याची खूण. त्यांतला एकजण ज्यू होता, म्हणून २००१ साली त्याच्या क्रॉसच्या जागी दाऊदचा तारा बसवला.

४ ऑगस्ट १९४९ ला आपण उभे आहोत त्याच धारेवर वीज पडून वणवा लागला. दुसऱ्या दिवशी १५ स्मोकजंपर, म्हणजे विमानातून उडी मारून आग विझवायला उतरणारे जवान, घळीच्या वरच्या भागात उतरले. रेडिओचं पॅराशूट उघडलं नाही आणि तो आपटून फुटला. पुढे एक वनरक्षक त्यांना येऊन मिळाला. टोळीप्रमुख वॅग डॉजचा बेत साधा होता: समोरच्या उताराने नदीकडे उतरायचं, म्हणजे पाठीशी पाणी राहील. पण ठिणग्या घळीच्या तोंडावरून उडून याच उतारावर पडल्या आणि नदीची वाट बंद झाली. डॉजने सगळ्यांना माघारी वळवलं. आता धावायचं होतं ते चढावर.

समोर बघितलं की गणित कळतं. चढ सरासरी ७६ टक्के, म्हणजे सुमारे ३७ अंश. चढावर ज्वाळा पुढच्या गवतावर झुकतात आणि ते आधीच तापवून ठेवतात. ढोबळ नियम असा की दर १० अंशांना आगीचा वेग दुप्पट होतो. माणसाचा मात्र घटत जातो. त्यात झाडी संपून सुकं, उंच गवत लागलं. सह्याद्रीत फेब्रुवारी-मार्चमध्ये फिरणाऱ्यांना असं गवत वेगळं सांगायला नको.

डॉजने अवजारं टाकायला सांगितली. मग काडी ओढून त्याने पुढचं गवत पेटवलं. आपले लोक जाळपट्ट्यासाठी किंवा येणारी आग अडवायला जाळ घालतात, तसा हा जाळ नव्हता. आग थोपवण्याचा त्यात विचारच नाही. गवत आधीच जळून गेलं की त्या राखेत मुख्य आगीला खायला काही उरत नाही, एवढंच. ओला रुमाल तोंडावर धरून तो राखेत पालथा पडला आणि वाचला. बाकीच्यांना त्याने हाका मारल्या, कुणी आत आलं नाही. मला त्यात नवल वाटत नाही. ही युक्ती त्यांना कुणी शिकवलीच नव्हती, आणि माथा जवळ दिसत होता. दोघे कड्यातल्या फटीतून पलीकडे निसटले, १३ जण गेले. एका घड्याळाचे काटे ५:५६ वर थांबलेले सापडले.

ती आग आटोक्यात आणायला ४५० माणसांना आणखी पाच दिवस लागले. नियम यायला त्याहून फार उशीर झाला. १९५६ साली कॅलिफोर्नियातल्या इनाहा वणव्यात ११ जण गेल्यावर, १९५७ साली अमेरिकी वनसेवेने जुन्या जीवघेण्या आगी तपासून आग विझवणाऱ्यांसाठी दहा स्थायी आदेश काढले. मिसूलाची आग-प्रयोगशाळा १९६० ची, रॉथरमेल या संशोधकाचं आगीच्या वेगाचं सूत्र १९७२ चं. अंगावर ओढायचा अग्निरोधक तंबू १९७७ साली सक्तीचा झाला. १९९१ साली पॉल ग्लीसन या वणवा विझवणाऱ्या जवानाने सगळं चार गोष्टींवर आणलं: टेहळ्या, संपर्क, सुटकेच्या वाटा, सुरक्षित जागा. मॅन गल्चमध्ये यांतली एकही धड नव्हती.

६ जुलै १९९४ ला कोलोरॅडोतल्या स्टॉर्म किंग डोंगरावर पुन्हा तसाच वणवा, तसाच चढ, वर जोराचा वारा. १४ जण गेले. त्यांतल्या काहींच्या पाठीवर सामान तसंच होतं.