आठ वाजता ‘पोहोचलेली’ मतपत्रिका

अमेरिकेचे नागरिकत्व घेतल्यानंतर अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मतदान करण्याची माझी आणि माझ्या पत्नीची पहिलीच वेळ २०२४ मध्ये आली. मतदान ५ नोव्हेंबरला होते, आणि दिवाळीसाठी आम्ही ३० ऑक्टोबरलाच पुण्याला निघणार होतो. आम्ही राहतो त्या पेनसिल्व्हेनिया राज्यात २०१९च्या कायद्यानंतर कोणतेही कारण न देता टपालाने मत देता येते, म्हणून आम्ही दोघांनी सप्टेंबरमध्येच अर्ज भरले. मतपत्रिका मात्र घरी आल्या त्या ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात.

त्या भरायला आम्हाला रविवार, २७ तारीख उजाडली. न्यू जर्सीत, एडिसनला राहणाऱ्या मित्राला फोनवर सहज सांगितले, तर तो म्हणाला, “कशाला घाई करतोस? पाकिटावर पाच तारखेचा टपालाचा शिक्का बसला की झालं.” मलाही ते पटले, कारण आयकराचे विवरणपत्र १५ एप्रिलच्या शिक्क्यावर चालते, हे इतक्या वर्षांत अंगवळणी पडलेले होते. त्याच्या राज्यात त्याचे म्हणणे बरोबरच होते. तेथे मतदानाच्या दिवसापर्यंतचा शिक्का असेल, तर त्यानंतर सहा दिवसांत पोहोचलेली मतपत्रिकाही मोजतात. आमच्या पाकिटातील सूचना वाचल्यावर मात्र मी चपापलो: भरलेली मतपत्रिका मतदानाच्या दिवशी रात्री आठपर्यंत काऊंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, निवडणूक कार्यालयाच्या हाती पडली पाहिजे, शिक्का कोणत्याही तारखेचा असो, त्याला अर्थ नाही. लहानपणी वर्तमानपत्रांतील नोकरीच्या जाहिरातींखाली ‘टपालातील विलंबास हे कार्यालय जबाबदार राहणार नाही’ हे वाक्य शेकडो वेळा वाचले होते, ते तेव्हा आठवले. अमेरिकेचे टपाल खाते स्वतःच मुदतीच्या किमान आठवडाभर आधी पाकीट टाकण्याचा सल्ला देते. सोमवारी टाकले असते, तर हातात आठच दिवस उरत होते, आणि काही चुकलेच, तर पुण्यात बसून मला दुरुस्ती करता आली नसती. त्यामुळे मंगळवारी सकाळी कार्यालयात स्वतःच नेऊन देण्याचे ठरवले.

निघण्यापूर्वी दोन्ही पाकिटे पुन्हा तपासली. मतपत्रिका आधी गोपनीयतेच्या आतल्या पाकिटात घालायची असते. ते वगळले, तर मत बाद होते. बाहेरच्या पाकिटावर सही हवी, आणि त्या निवडणुकीत तारीखही आवश्यक होती. तारखेच्या जागी मी सवयीने दिवस आधी आणि महिना नंतर लिहायला निघालो होतो. पत्नीने वेळीच हात धरला.

२९ ऑक्टोबर हा टपाली मतदानासाठी अर्ज करण्याचाही शेवटचा दिवस होता, संध्याकाळी पाचपर्यंत, त्यामुळे कार्यालयाबाहेर मोठी रांग लागली होती. भरलेली पाकिटे देणाऱ्यांना त्या रांगेत थांबावे लागत नाही, हे मला अर्ध्या तासाने कळले. पेटीजवळच्या कर्मचारी बाईंनी माझ्या हातातील दोन पाकिटे पाहिली आणि शांतपणे विचारले, “दोन्ही तुमचीच आहेत का?” एक पत्नीचे आहे, असे मी सांगताच त्यांनी ते घेण्यास नकार दिला. मतदाराने स्वतःचीच मतपत्रिका आणून द्यायची असते. अपंग मतदाराने लेखी नेमलेल्या व्यक्तीला तेवढी सूट आहे. नवरा-बायको असणे हे त्यात बसत नाही. मला थोडा रागही आला, कारण सूचनांमध्ये हेही लिहिलेले होते आणि मी ते वाचूनही मनावर घेतले नव्हते. माझे पाकीट मी पेटीत टाकले आणि तिचे परत घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी विमानतळाकडे जाताना आम्ही वाट थोडी वाकडी केली. सामानाने भरलेली गाडी मी रस्त्याकडेला उभी ठेवली आणि पत्नी आत जाऊन पाच मिनिटांत परत आली. अर्जात ई-मेल दिला असेल, तर पाकीट मिळाल्याची नोंद होताच कळवले जाते. माझा संदेश विमानात बसण्याआधीच आला होता. तिचा १ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, पुण्यात पोहोचल्यावर आला, आणि तोपर्यंत तिने तासातासाला फोन उघडून पाहिला होता.