आमची वाटचाल: जुन्या ॲम्प्लिफायरच्या दारी नवे संगीत

आमचा व्यवसाय गोव्यातील फोंड्यात सुरू झाला तो रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि ॲम्प्लिफायर दुरुस्तीचे दुकान म्हणून. वडील ते दुकान चालवीत, आणि तालुक्यातील जत्रांना व भजनी सप्ताहांना लागणारे लाउडस्पीकर व मिक्सरही तेथेच दुरुस्तीला येत. आज कुंडई औद्योगिक वसाहतीतील एका लहान गाळ्यात आम्ही बिनतारी म्युझिक स्ट्रीमर तयार करतो. घरातील वाय-फायवरून संगीत घेऊन ते ॲम्प्लिफायरला पुरविणारी ही लहानशी पेटी आहे. दुकानापासून या पेटीपर्यंतचे अंतर मोठे वाटले तरी आमचे ग्राहक बहुतांशी तेच राहिले आहेत, आणि या उत्पादनाची कल्पनाही त्यांच्याच तक्रारींतून निघाली.

तक्रार साधी होती. तीस-चाळीस वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला ॲम्प्लिफायर आणि लाकडी खोक्यांचे स्पीकर अजून उत्तम वाजतात, पण त्यांना जोडायला काही उरलेले नाही. कॅसेट गेली, सीडी प्लेअरचे लेझर युनिट कमकुवत झाले की जोडीचा सुटा भाग मिळत नाही, आणि गाणी तर मोबाईलमध्ये किंवा संगणकावर जाऊन बसली आहेत. बाजारात मिळणारा स्वस्त ब्लूटूथ रिसीव्हर लावणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे. आम्हीही तो पुष्कळांना लावून दिला आहे. परंतु सीडीवरील संगीत सेकंदाला १४.११ लाख बिट इतके असते, तर ब्लूटूथची सर्वसाधारण एसबीसी पद्धत ते सुमारे सव्वातीन लाख बिटांत बसविते. उरलेला भाग कायमचा टाकला जातो. शिवाय गाणे मोबाईलमधून वाहत असल्यामुळे फोन आला की मैफल थांबते. वाय-फायवर चालणारा स्ट्रीमर संगीत स्वतः खेचून घेतो, मोबाईल फक्त रिमोटचे काम करतो, आणि फ्लॅक (आवाजातले काहीही न गमावता आकार लहान करणारी पद्धत) स्वरूपातील फाइल असल्यास सीडीवरचा एकही बिट हरवत नाही.

पहिले नमुने आम्ही रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर केले होते. आवाजाबद्दल तक्रार करण्यासारखे त्यांत काही नव्हते. प्रश्न वेगळाच होता. पावसाळ्यात गावागावांत वीज येते-जाते, आणि मेमरी कार्डवर चालणारा लिनक्स संगणक लिहिण्याच्या मध्येच बंद पडला तर कार्डावरील माहिती बिघडण्याचा धोका असतो. रेडिओचे बटण फिरवून तो बंद करण्याची सवय असलेल्या माणसाला 'आधी शटडाउन करा' असे सांगणे आम्हाला पटेना. मायक्रोकंट्रोलर, म्हणजे ठरावीक काम करणारी छोटी संगणक-चिप, असलेला बोर्ड काही सेकंदांत सुरू होतो आणि वीज केव्हाही गेली तरी त्याचे बिघडत नाही. आम्ही मायक्रोकंट्रोलरकडे वळलो ते मुख्यतः या कारणाने. किंमत हा नंतरचा विचार होता.

शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी३२ ही चिप २०१६ मध्ये आली. तिच्यात २४० मेगाहर्ट्झवर चालणारे दोन गाभे (गणन करणारे प्रोसेसर), वाय-फाय आणि ब्लूटूथ एकत्र आहेत. आतली स्मृती मात्र ५२० किलोबाइट, आणि सीडीच्या दर्जाचा प्रवाह सेकंदाला सुमारे १७६ किलोबाइट खातो. म्हणजे सगळी स्मृती मोकळी आहे असे मानले तरी तीन सेकंदांचासुद्धा साठा होत नाही, आणि प्रत्यक्षात वाय-फायच्या कामालाच त्यातील बराच वाटा जातो. म्हणून आम्ही पीएसरॅम ही बाहेरची जादा स्मृती जोडलेले, याच चिपचे रोव्हर मॉड्यूलच घेतो. चार मेगाबाइटमध्ये वीसहून अधिक सेकंदांचे संगीत मावते, आणि घरात कोणी मोठी फाइल उतरवू लागले तरी ख्याल मध्येच अडखळत नाही.

या चिपमध्ये डिजिटलचे ध्वनिलहरीत रूपांतर करणारा डॅकही आहे, पण तो आठ बिटांचा. दाराच्या घंटीला पुरेल, संगीताला नाही. त्यामुळे आयटूएस या मार्गाने आम्ही टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचा पीसीएम५१०२ए हा स्वतंत्र डॅक जोडतो. आयटूएस ही फिलिप्सने १९८६ मध्ये ठरविलेली पद्धत आहे आणि ती आजही तीनच तारांवर चालते: एका तारेवर बिटांचे ठोके, दुसरीवर डाव्या-उजव्या वाहिनीची खूण आणि तिसरीवर प्रत्यक्ष माहिती. हा डॅक स्वतःला लागणारा घड्याळी संकेत बिटांच्या ठोक्यांवरूनच तयार करतो. म्हणून ते ठोके जितके स्थिर तितके बरे, आणि ईएसपी३२मध्ये ध्वनीसाठी राखीव असलेल्या पीएलएलचा, म्हणजे स्थिर ठोके तयार करणाऱ्या मंडलाचा, उपयोग येथे होतो. डॅकच्या माहितीपत्रकात संगीत आणि पार्श्वभूमीचा गोंगाट यांतील अंतराचा ११२ डेसिबल हा आकडा दिलेला आहे. माहितीपत्रकातील हा आकडा तयार पेटीच्या मागच्या सॉकेटपर्यंत पोहोचविणे हेच आमचे खरे काम होते, आणि सर्वाधिक वेळ त्यातच गेला.

अडचण विजेची असते. वाय-फाय प्रक्षेपणाच्या क्षणी चिपची मागणी २४० मिलिॲम्पिअरच्या आसपास उसळते आणि लगेच खाली येते. डॅकला त्याच रेग्युलेटरवरून (विजेचा दाब स्थिर ठेवणाऱ्या भागावरून) वीज दिली तर ही उसळी आवाजात उतरते. ढोल-ताशांच्या ध्वनिमुद्रणात ती कळणार नाही, पण तानपुरा नुकता लागला आहे आणि गायकाने अजून षड्ज लावलेला नाही अशा वेळी मागे बारीक टिकटिक ऐकू येते. आमच्या बोर्डावर डॅकसाठी कमी गोंगाटाचा स्वतंत्र रेग्युलेटर आहे, त्याचे कपॅसिटर पायांना अगदी चिकटून आहेत, आणि अँटेना बोर्डाच्या विरुद्ध टोकाला ठेवली आहे. प्रत्येक नवी तुकडी तयार झाली की आम्ही तीमधून शांतता वाजवतो, म्हणजे पूर्ण रिकामी फाइल लावतो, ॲम्प्लिफायर मोठा करतो आणि स्पीकरला कान लावून बसतो. मापनयंत्रे आहेत आणि आम्ही ती वापरतोही. तरी ही परीक्षा आम्ही सोडलेली नाही.

पेटी बसवायला गेल्यावर घराची स्वतःची वीज पुढे येते. केबल टीव्हीची तार आणि ॲम्प्लिफायर यांचे अर्थिंग वेगवेगळ्या ठिकाणी असेल तर ५० हर्ट्झची घुमघुम सुरू होते, आणि चौकोनी लहरीचा जुना इन्व्हर्टर चालू झाला की तिच्यात गुरगुर मिसळते. दोष पेटीचा नसला तरी ग्राहकाच्या लेखी तो पेटीचाच असतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. अशा ठिकाणी आम्ही ऑप्टिकल आउटपुट असलेली आवृत्ती देतो. त्यातून फक्त प्रकाश जातो. विजेचा संबंधच तुटतो, त्यामुळे घुमघुमीचा हा मार्ग बंद होतो. मात्र त्यासाठी पुढे ऑप्टिकल इनपुट असलेला डॅक किंवा ॲम्प्लिफायर हवा, आणि तो सर्वांकडे नसतो.

गोव्यातील जुनी घरे हा वाय-फायच्या दृष्टीने स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. चिऱ्याच्या दीड-दोन फूट जाडीच्या भिंती, मध्ये राजांगण, राउटर रस्त्याकडच्या खोलीत आणि ॲम्प्लिफायर आतल्या माजघरात. पावसाने भिजलेला चिरा संकेत आणखी शोषून घेतो, त्यामुळे मे महिन्यात सुरळीत चालणारी जोडणी जुलैत तुटू लागते. पेटीसाठी पूर्ण ॲल्युमिनियमचे कवच दिसायला देखणे होते, पण धातूच्या आत अँटेना कोंडली जाते. म्हणून आम्ही बाहेरची अँटेना जोडता येणारे मॉड्यूल निवडले आणि कवच फणसाच्या लाकडाचे केले. ते आमच्याच भागातील एक मेस्त (सुतार) करून देतात, आणि कडा इतक्या साफ असतात की जोड शोधावा लागतो. दमटपणावर उपाय म्हणून बोर्डाला संरक्षक लेप देतो. तो सॉकेटच्या तोंडावर चढू नये म्हणून आधी चिकटपट्टी लावावी लागते, आणि हे काम आम्ही बाहेर देत नाही.

ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधील नोबेओका येथे आसाही कासेई मायक्रोडिव्हायसेसच्या कारखान्याला आग लागली. त्यांचे डॅक आम्ही वापरत नव्हतो, तरीही झळ बसली, कारण त्यांचे ग्राहक दुसऱ्या कंपन्यांच्या चिपकडे वळले आणि त्यापाठोपाठ जगभर चिपटंचाई आली. पीसीएम५१०२ए मिळेनासा झाला आणि मिळाला तर खात्रीचा आहे की नाही हे पाहावे लागे. त्या काळात दुरुस्तीच्या दुकानानेच कारखाना चालवला, असे म्हणणे अतिशयोक्ती होणार नाही.

सॉफ्टवेअर आम्ही मुळापासून लिहिलेले नाही आणि तसा दावाही करीत नाही. स्क्वीझलाइट या संगीत वाजविणाऱ्या प्रोग्रामची ईएसपी३२साठी केलेली मुक्त आवृत्ती आम्ही आमच्या बोर्डाला जुळवून घेतली आहे. स्क्वीझलाइट ज्या पद्धतीवर चालते ती स्क्वीझबॉक्स ही लॉजिटेकची नेटवर्क-प्लेअरांची उत्पादनमालिका २०१२ मध्ये बंद झाली, तरी तिला संगीत पुरविणारा सर्व्हर प्रोग्राम मुक्त असल्यामुळे हौशी लोकांनी तो जिवंत ठेवला आणि आज तो लिरियन म्युझिक सर्व्हर या नावाने चालतो. आम्हाला या मार्गाचे मोठे आकर्षण हेच आहे. आमचा गाळा उद्या बंद झाला तरी विकलेली पेटी वाजत राहील, कारण ती आमच्या कोणत्याही सर्व्हरवर अवलंबून नाही. एअरप्ले किंवा स्पॉटिफाय कनेक्ट या मोबाईलवरून संगीत पाठविण्याच्या सोयींची नावे मात्र आम्ही खोक्यावर छापत नाही. त्यासाठी त्या त्या कंपनीची रीतसर मान्यता लागते, आणि ती घेण्याइतकी आमची उलाढाल नाही. बिनतारी उपकरणासाठी दूरसंचार विभागाची ईटीए (उपकरण-प्रकार) मान्यता आवश्यक असते, तर अडॅप्टर आम्ही बीआयएस नोंदणी असलेलाच विकत घेतो.

आमचे ग्राहक मुख्यतः नाट्यसंगीत, भजन आणि केरीच्या केसरबाई किंवा कुर्डीच्या मोगूबाई या शास्त्रीय गायिकांची जुनी ध्वनिमुद्रणे ऐकणारे आहेत. पुष्कळांकडे रेडिओवरून किंवा घरगुती बैठकीत भरून घेतलेल्या कॅसेट असतात. त्या फ्लॅकमध्ये उतरवून देण्याचे काम दुकानात सुरू झाले ते स्ट्रीमर विकण्यासाठी, पण चतुर्थीच्या आधीच्या महिन्यात आता त्याचीच रांग मोठी असते. तासाभराची बैठक भागांत कापलेली असली तरी विलंबितातून द्रुतात जाताना मध्ये खंड पडता कामा नये. पेटी एक भाग संपण्याआधीच पुढचा भाग वाचू लागते, त्यामुळे सांधा ऐकू येत नाही.

सध्या नव्या आवृत्तीचा विचार चालू आहे. ईएसपी३२-सी५ या चिपमध्ये ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय मिळते, परंतु तिला एकच मुख्य गाभा आहे, संगीतासाठी लागणारे क्लासिक ब्लूटूथ नाही, आणि ५ गिगाहर्ट्झचा संकेत चिऱ्याच्या भिंतीत अधिकच लवकर संपतो. त्यामुळे मूळ ईएसपी३२ कायम ठेवून तारेच्या नेटवर्कची सोय देण्याचे आम्ही ठरविले आहे. या चिपच्या स्वतःच्या इथरनेट मार्गाचे काही पाय रोव्हर मॉड्यूलमध्ये पीएसरॅमने अडवलेले असतात, म्हणून एसपीआय या थोड्या तारांच्या जोडणीवर चालणारी डब्ल्यू५५०० ही इथरनेट चिप घेतली आहे, आणि संगीताच्या प्रवाहाला तिचा वेग सहज पुरतो. तिचे नमुना-बोर्ड टेबलावर आहेत, आणि पावसाळ्यात जोडणी तुटते अशा घरांपासून त्यांची चाचणी सुरू केली आहे.