इग्बो पॉडकास्ट आणि यादीत नसलेली भाषा

नायजेरियातल्या एनुगूत, तिथल्या इग्बो भाषेत रेकॉर्ड होणाऱ्या या पॉडकास्टचं संकलन आणि फीड (भागांची यादी ॲप्सपर्यंत पोचवणारी फाइल) माझ्याकडे. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो होस्टिंगच्या, म्हणजे पॉडकास्ट साठवणाऱ्या सेवेच्या, फॉर्ममधल्या एका यादीने. भाषांची लांबलचक यादी, त्यात आइसलँडिक आहे, इग्बो नाही. विचारलं तर उत्तर आलं, 'इंग्लिश निवडा.'

ते करू नका. फीडमधल्या भाषेच्या नोंदीवरून, म्हणजे टॅगवरून, डिरेक्टरी (ॲपलसारखी पॉडकास्टची सूची) कार्यक्रमाचा कप्पा ठरवते. वर आपोआप मजकूर काढणारी यंत्रणा इग्बो आवाजातून इंग्रजी शब्द उपसत बसते. मी 'इतर' निवडलं, तर टॅग रिकामाच गेला आणि ॲपलच्या तपासणीत फीड नापास, कारण तिथे भाषा सक्तीची. खरं तर मराठीला 'एमआर' (mr) तसा इग्बोला 'आयजी' (ig) हा आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेचा दोन अक्षरी कोड आहे. होस्टिंगवाल्यांना यादीत एक ओळ वाढवायची होती, बस्स! तीच पत्रापत्री पुन्हा पुन्हा. शेवटी एक्सएमएल (फीडचा मूळ मजकूर) हाताने बदलता येईल अशा ठिकाणी फीड हलवली, टॅगमध्ये 'आयजी' लिहिलं आणि ती पास झाली. हलवताना जुन्या पत्त्यावर ३०१ रिडायरेक्ट (नव्या पत्त्याकडे वळवणारी सूचना) निदान चार आठवडे ठेवा, नाहीतर जुने श्रोते तुटतात.

दुसरी कटकट टिंबांची. इग्बोच्या आठ स्वरांपैकी तिघांखाली टिंब असतं. टिंबवाला ओ आपल्या 'ऑ'जवळ जातो. हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतं: अखंड, किंवा साधा स्वर अधिक सुटं टिंब. दिसायला सारखंच, पण शोधात जुळेलच असं नाही. सगळी शीर्षकं एनएफसी, म्हणजे अखंड अक्षरांच्या, रूपात आणा. फोनवर बरेच जण टिंबं टाइपच करत नाहीत, म्हणून वर्णनात बिनटिंबाचं नावही घाला. ऑडिओ फाइलच्या नावात मात्र टिंब नकोच. पत्ता मोडू शकतो आणि मग भाग वाजत नाही.

आवाजाचं म्हणाल तर जनरेटरची घरघर ८० हर्ट्झच्या हाय-पास फिल्टरने (त्याखालचे आवाज कापणाऱ्या) बरीच जाते. उरलेली नॉइज रिडक्शनने खरवडू नका. 'अक्वा' म्हणजे रडणं, कापड, अंडं की पलंग, हे फक्त उच्चारातल्या सुराच्या चढउतारावरून कळतं आणि खरवडताना तोच चढउतार बोथट होतो. बोलण्याखाली चालीचं संगीतही याच कारणासाठी टाळा. 'ग्ब', 'क्प' या उच्चारांना माइकमध्ये आवाज फुटतो. पॉप फिल्टर (तोंडाच्या हवेचा झोत अडवणारी जाळी) लावा, माइक थोडा तिरका धरा. फाइल मोनो (एकाच चॅनलची), ६४ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट), आवाजाची पातळी उणे १६ लफ्स (LUFS). अर्ध्या तासाची फाइल साधारण १४ एमबी होते, १२८ ला दुप्पट, आणि डेटा श्रोत्याच्या खिशातून जातो.

मुखचित्र १४०० ते ३००० पिक्सेल, चौरस. नक्षीदार फाँटमध्ये टिंबवाली अक्षरं बहुधा नसतात, मग तेवढं एकच अक्षर परक्या फाँटमधून येतं. चित्र अंगठ्याएवढं करून टिंब दिसतंय का ते बघा.