प्रबंधाचं पुस्तक होईपर्यंत: माझा अनुभव

पुस्तक हातात येऊन आता वर्ष होत आलं. या वर्षात तीन-चार जणांनी फोन केले, त्यातले दोघं निपाणी-चिकोडीकडचे, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, मॅडम पीएचडी झाली, आता पुस्तक करायचंय, तर कुणाला किती पैसे द्यायचे? हा प्रश्न ऐकला की मला धस्स होतं, कारण मी पण तिथनंच सुरुवात केली होती. म्हणून जे झालं ते लिहितेय.

माझा विषय शहापूरचे विणकर. आज बेळगावातनं शहापुरात शिरताना कुणाला काही वेगळं जाणवत नाही, एकच गाव, पण १९४८ पर्यंत शहापूर सांगली संस्थानात होतं आणि शेजारचं बेळगाव इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. म्हणजे मागावर लुगडं विणायचं एका राज्यात आणि विकायला जायचं दुसऱ्या राज्यात, चालत. ८ मार्च १९४८ ला दक्षिणेतली संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली, मग १९५६ ला आम्ही म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलो. या सगळ्यात विणकरांच्या घरात काय बदललं, हा प्रबंध. आमचं घर विणकराचंच, बाबा साठीपर्यंत मागावर बसले, त्यामुळं विषय शोधायला कुठं जावं लागलं नाही.

प्रबंध इंग्रजीत होता, मंजूर झाला, शोधगंगावर, म्हणजे देशभरातले प्रबंध ठेवतात त्या वेबसाइटवर चढला आणि महिन्याभरात ईमेल यायला लागले. "आपले संशोधन आम्हाला अत्यंत महत्त्वाचे वाटते, दहा दिवसांत पुस्तकरूपाने प्रसिद्ध करू." पंधरा हजार, त्यात आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या मागं छापतात त्या नंबरचे, तीन हजार वेगळे दाखवलेले. मी जवळजवळ पैसे भरलेच होते. थांबले ती एका सहकाऱ्याचं पुस्तक बघून. त्यांनी अशाच एका ठिकाणी अठरा हजार भरले होते, आणि छापून आलेल्या पुस्तकात पानापानावर "प्रस्तुत प्रबंधात" तसंच राहिलं होतं, कुणी एक ओळ वाचली नव्हती. त्याहून वाईट म्हणजे सही केलेल्या कागदात सगळे हक्क त्या प्रकाशकाचे झाले होते, आता तेच पुस्तक सुधारून दुसरीकडं द्यायचं म्हटलं तर देता येत नाही. सात वर्षांचं काम, माणूस अजून बोलताना गप्प होतो.

तर पहिली गोष्ट, आयएसबीएन आपल्याकडं फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी एजन्सी आहे, ऑनलाइन अर्ज करायचा. तो १३ आकड्यांचा नंबर म्हणजे पुस्तकाची ओळख, पुस्तक चांगलं असल्याचा दाखला नव्हे. आणि "यूजीसी मान्यताप्राप्त प्रकाशक" असं कुणी सांगितलं तर सरळ फोन ठेवा, यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, केअर लिस्ट होती ती जर्नल्सची, पुस्तकांच्या प्रकाशकांना मान्यता देणारी नव्हे.

गाईड सरांनी मग एकच वाक्य सांगितलं, प्रबंध परीक्षकासाठी असतो, पुस्तक वाचणाऱ्यासाठी. ते मला समजायला वर्ष गेलं. प्रबंधात पहिलं प्रकरण म्हणजे आधी कुणी काय लिहिलं याची चाळीस पानं, ती अख्खी काढावी लागतात, कामाचं तेवढं तळटीपांत जातं. मी ती पानं काढली तेव्हा रडूच आलं होतं, पण पुस्तक तिथनंच सुरू झालं.

चांगल्या प्रकाशकाकडं आधी हस्तलिखित पाठवायचं नसतं, प्रस्ताव पाठवायचा. आठ-दहा पानं, प्रत्येक प्रकरणाचा एक परिच्छेद, नमुन्याला एक प्रकरण, आणि एक प्रश्न ज्यानं मला सगळ्यात जास्त घाम फोडला: गेल्या पाच-सात वर्षांत तुमच्या विषयाजवळची कुठली पुस्तकं आली आणि तुमचं त्यांच्यापेक्षा वेगळं काय? आता बेळगावात बसून नवीन पुस्तकं बघायची कशी? एकेकाची किंमत दीड-दोन हजार, परदेशी प्रकाशकाचं असेल तर विचारूच नका. मी काय केलं तर प्रकाशकांचे कॅटलॉग उतरवून घेतले, जेस्टोर या ऑनलाइन लेखसंग्रहावर फुकट खातं उघडलं (महिन्याला शंभर लेख ऑनलाइन वाचता येतात), तिथं आणि इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत त्या पुस्तकांची परीक्षणं शोधली, आणि जी चार-पाच खरंच जवळची वाटली त्यांच्यासाठी सकाळच्या बसनं कोल्हापूरला जाऊन शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात दिवसभर बसले. आधी प्रस्तावना, मग शेवटचं प्रकरण, मग सूचीत, म्हणजे कुठला शब्द कुठल्या पानावर ते शेवटी दिलेलं असतं त्यात, आपले शब्द शोधायचे, असं वाचलं की एका दिवसात दोन पुस्तकांचा अंदाज येतो. सूचीत "शहापूर" एकाही पुस्तकात नव्हतं. तेच मी प्रस्तावात लिहिलं.

तीन ठिकाणी पाठवलं. एकानं उत्तरच दिलं नाही, एकानं नम्रपणे नाही म्हटलं, तिसऱ्यानं चार महिन्यांनी पूर्ण हस्तलिखित मागवलं आणि ते दोन तज्ज्ञांकडं गेलं, नावं आपल्याला कळत नाहीत. आठ महिन्यांनी दोन अहवाल आले. पहिला बरा होता. दुसऱ्यात लिहिलं होतं की लेखिका विणकरांबद्दल लिहिते पण सगळं इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेतनं, १८८४ च्या गॅझेटिअरवर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) आणि मुंबईच्या पुराभिलेखागारातल्या फायलींवर भिस्त आहे, विणकरांचा स्वतःचा कागद कुठं आहे?

दोन दिवस मला राग होता. मग राग गेला, कारण खरं होतं की! मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या त्या पुराभिलेखागारात मी किती वेळा रात्रीची बस करून गेले, फायली मागवल्या, टिपणं काढली, आणि आमच्याच गल्लीत एका जुन्या व्यापाऱ्याच्या घरात माळ्यावर कापडात बांधलेल्या कीर्दवह्या होत्या त्यांना मी हात लावला नव्हता, कारण त्या मोडीत होत्या. लॉकडाऊनमध्ये मुंबईचं सगळं बंद, तेव्हा मोडी शिकले, ऑनलाइन क्लास लावून, रोज दोन तास. मग त्या काकांच्या घरी जाऊन वह्या उघडल्या. लांबट पानं, वाळवीनं कडा खाल्लेल्या, आणि ओळीनं सूत, रंग, रंगाऱ्याला दिलेले पैसे, कुणाला किती उचल दिली ते आणे-पैपर्यंत. एका नावापुढं पाच महिने उचलच उचल आणि जमा काही नाही. मला आडनाव ओळखीचं वाटलं, ते घर आमच्यापासनं चौथं. त्या एका पानानं माझं तिसरं प्रकरण नव्यानं लिहिलं गेलं. त्या अनामिक तज्ज्ञाचे मी मनापासनं आभार मानते, पुस्तकातही मानलेत.

मग करार आला. इथं मी सगळ्यांना हात जोडून सांगते, करार वाचा, एकेक ओळ. रॉयल्टीवर भांडू नका, तीनशे-चारशे प्रती निघतात, त्यात काय येणार. बघायचं ते भाषांतराचे हक्क. माझ्या करारात "सर्व भाषांतील" हक्क प्रकाशकाकडं होते. मी लिहिलं की मराठी आणि कन्नड भाषांतराचे हक्क माझ्याकडं राहू देत, कारण ज्यांच्याबद्दल पुस्तक आहे ते या दोन भाषांत बोलतात. मला वाटलं होतं नाही म्हणतील. दोन दिवसांत बदलून पाठवलं, कुणी मागत नाही म्हणून ते कलम तसंच पडलेलं असतं, एवढंच.

कॉपी एडिटिंगमध्ये, म्हणजे छापण्याआधी ओळ न् ओळ तपासतात तेव्हा, दोनशेच्यावर शंका आल्या आणि त्यातली पहिलीच गावाच्या नावाची. बेळगाव, बेळगाम की बेळगावी? बाहेरच्या माणसाला हा स्पेलिंगचा प्रश्न वाटतो, आपल्याकडं कुणी कुठलं म्हणतो त्यावरनं माणसं माणसाला ओळखतात. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बेळगावी झालं, पण माझी कागदपत्रं शंभर वर्षं आधीची. शेवटी ज्या काळाचा कागद त्या काळचं नाव, असं ठरवलं आणि पुस्तकाच्या सुरुवातीला अर्ध्या पानाची टीप लिहिली. ती टीप मी अकरा वेळा लिहिली असेल. नकाशा मी स्वतः क्यूजीआयएसवर काढला, ते सॉफ्टवेअर फुकट आहे, महिन्यात जमतं. फोटोंसाठी ज्यांच्याकडनं घेतले त्यांची लेखी परवानगी आधीच घेऊन ठेवा, शेवटी पळापळ होते.

आणि सूची. मला कुणी सांगितलंच नव्हतं की सूची लेखकानं करायची असते, नाहीतर पैसे देऊन करून घ्यायची, आणि ती पानं पक्की झाल्यावरच करता येते, म्हणजे हातात दोन-तीन आठवडे. घरात लग्नाच्या जुन्या पत्रिकांचा गठ्ठा होता, आईनं त्या कात्रीनं चौकोनी कापून दिल्या, मागची बाजू कोरी, एका तुकड्यावर एक शब्द आणि पुढं पान नंबर. जेवणाच्या टेबलावर सगळीकडं गणपतीचे आणि तोरणांचे तुकडे, उलटवले की "रंगारी, ४१, ५८, ११२". तिथंच एक घोटाळा सापडला. सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन दोन, पहिले संस्थानाचे संस्थापक, १८५१ ला वारले, दुसरे संस्थान विलीन झालं तेव्हाचे राजे. माझ्या एका प्रकरणात नुसतं "चिंतामणराव" होतं आणि वाचणाऱ्याला कुठले ते कळायचं नाही. पत्रिकेचे दोन तुकडे शेजारी ठेवले तेव्हा दिसलं. प्रूफात चार ठिकाणी दुरुस्त केलं, शेवटच्या दिवशी.

पुस्तक आलं ते कुरिअरनं, दुपारी, मी कॉलेजात होते. घरी आले तर बाबांनी खोकं फोडलं नव्हतं, समोर घेऊन बसले होते. किंमत तेराशे पंच्याण्णव. त्यांनी मुखपृष्ठावर हात फिरवला, आतला नकाशा बराच वेळ बघितला, बोटानं आमची गल्ली दाखवली आणि म्हणाले, "छान झालंय गं. मराठीत कधी?" एक प्रत सार्वजनिक वाचनालयात दिली, एक त्या कीर्दवहीवाल्या काकांना. काकांना इंग्रजी येत नाही, त्यांनी देवघराशेजारी ठेवलंय.

म्हणून आता मराठी करतेय. भाषांतर म्हणून बसले पण भाषांतर होत नाहीये, परत लिहिणंच होतंय. इंग्रजीत धोटा म्हणजे काय, ताणा म्हणजे काय, कांडी कशी भरतात याला प्रत्येकी तळटीप होती, ती सगळी गळून पडली. तिसरं प्रकरण झालं तसं बाबांना वाचायला दिलं. चष्मा लावून तीन दिवस वाचलं. एका जागी पेन्सिलीनं उभी रेघ मारून ठेवली होती. मी लिहिलं होतं की विणकर फणीतनं एकेक तार ओवून घ्यायचा.

"एकटा कसा ओवंल? पलीकडनं तार द्यायला कोण तरी पाहिजे की. तुझी आजी द्यायची."

दोन तज्ज्ञ, एक संपादक, एक कॉपी एडिटर, सगळ्यांच्या हाताखालनं ते वाक्य गेलं होतं. मराठीत मी आता दोघं लिहिलेत, आणि पलीकडं बसणाऱ्या बायकांवर वेगळी दोन पानं होतायत, त्यासाठी गल्लीतल्या पाच आज्यांकडं जाऊन आले, अजून तिघींकडं जायचंय. इंग्रजी पुस्तकात पान ७४ वर तो विणकर अजून एकटाच ओवतोय, पुढची आवृत्ती निघाली तर आधी ते बदला म्हणून प्रकाशकाला कळवून ठेवलंय.