तीन पिल्लांचा पंचनामा

"मॅडम, सशाची पिल्लं गावलीत. तीन. आई मेलीय वाटतं."

"मेलेली बघितली का?"

"नाय. पण नव्हतीच तिथं."

सकाळी सव्वानऊची वेळ. मी बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडे राखायला असलेल्या वनाच्या तुकड्यात, जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढून मोकळी केलेली पट्टी) कुठून काढायची ते बघत फिरत होते, मोज्यांत कुसळं घुसून पाय चुरचुरत होते. वनरक्षक म्हणून माळावरच्या या बीटला मला सात वर्षं झाली. सशाच्या पिल्लांचा फोन आला की हे वाक्य ठरलेलं असतं: आई नव्हतीच तिथं. आता सशाच्या आईला पिल्लांजवळ न थांबणं हेच काम आहे, हे फोनवर कुणाला पटवायचं? "दूध पाजू नका, मी येते," एवढं बोलून गाडीला किक मारली.

"दूध पाजू नका" म्हणायला उशीर झाला होता.

ओसरीवर बुटांचा खोका, खोक्यात कापूस, कापसात तीन पिल्लं. भोवती सात-आठ पोरं उकिडवी बसलेली. फोन करणारा मुलगा बारावीचा असेल. शेजारी वाटीत गाईचं दूध आणि औषधाचा ड्रॉपर. पहाटे बाजरी काढायला गेलेल्या बायकांना पिल्लं दिसली, त्यातल्या एकीनं ओच्यात घालून घरी आणली, आणि तासाभरात ती मोबाइलच्या स्टेटसवर झळकली. खाली लिहिलं होतं, 'अनाथांना आधार'.

पिल्लं मूठभर. अंगभर दाट, मातीत मिसळून जाईल अशी लव, उघडे टपोरे डोळे, कपाळावर पांढरा ठिपका. पाळीव सशाचं पिल्लू जन्मतं तेव्हा उघडंबोडकं आणि डोळे मिटलेलं असतं, कारण ते बिळात जन्मतं. आपला हा रानससा बीळ करतच नाही. गवतात अंगाएवढा खळगा करून बसतो, आणि पिल्लं उघड्यावरच जन्मतात, म्हणून ती डोळे उघडून, लव घेऊनच बाहेर येतात. दोघांना आपण ससाच म्हणतो, पण जात वेगळी, गुणसूत्रं वेगळी. पाळीव सशाची 44, रानसशाची 48. त्यांचा संकर होत नाही. "आमच्या पिंजऱ्यातल्या सशात सोडू का ही?" असं एका पोरानं विचारलंच.

तिघांतली दोन दगडासारखी गप्प होती, फक्त बरगड्यांखालची धडधड दिसत होती. तिसरं मात्र मान वर करून तोंडानं श्वास घेत होतं. नाकाशी दुधाचा फेस.

"यालाच जास्त भूक होती," मुलगा म्हणाला. "दोन ड्रॉपर प्यायलं."

मी काही बोलले नाही. त्याचं तोंड उतरलेलंच होतं, आणि माझ्या अंगावरची खाकी बघून घरातली म्हातारी दारातूनच विचारत होती, "केस करनार का वो पोरावर?"

नाही म्हणाले. पण त्याला शेजारी बसवून सांगितलं. आई दिवसभर लांब असते, कारण तिच्या अंगाला वास असतो आणि पिल्लांना तो फारसा नसतो. ती जवळ घुटमळली तर कोल्हा, खोकड, रानमांजर सगळ्यांना तीच वाट दाखवेल. अंधार पडला की येते, काही मिनिटं पाजते आणि जाते. एवढ्या वेळात पोट भरायचं म्हणून तिचं दूध गाईच्या दुधापेक्षा कितीतरी घट्ट आणि स्निग्ध असतं. माणसाचा हात लागला की ती पिल्लाला टाकून देते, ही आणखी एक समजूत. तसं होत नाही.

"म्हंजी ती येनार हाय?"

"आज संध्याकाळी येणार. पिल्लं जागेवर असली तर."

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तिसरं पिल्लू गेलं होतं. डॉक्टरांनी टेबलावर वर्तमानपत्र अंथरून ते उघडलं. बोटाच्या पेरांएवढी फुप्फुसं, त्यांत दूध. "जबरदस्तीनं पाजलं की श्वासनलिकेत जातं," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले. बाकी दोघांचं वजन केलं: एक 124 ग्रॅम, दुसरं 131. पोटं मऊ होती. पाजू नका, हाताळू नका, नेऊन ठेवा, एवढाच सल्ला.

मग पंचनामा. हो, सशाच्या पिल्लाचासुद्धा करावा लागतो. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या कलम 39 प्रमाणे मेलेलं वन्यजनावरही सरकारची मालमत्ता. दोन पंच उभे केले. त्यातला एक सही करताना हसला, "मॅडम, एवढ्याशा सशापायी तीन पानं?"

हे हसणं ओळखीचं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आम्ही रात्री दोघांना पकडलं होतं. मोटरसायकल, डोक्याला बॅटरी, पोत्यात दोन ससे. उजेडात सशाचे डोळे लांबून चमकतात आणि तो क्षणभर जागीच थबकतो, तेवढ्यात काठी बसते. तेव्हाही पंचाचं हेच म्हणणं, वाघ नाही, बिबट्या नाही, सशाची कसली शिकार? कायद्याच्या लेखी मात्र नुसता फास लावणं किंवा जनावर हाकलत नेणं हीसुद्धा शिकारच. ससा पूर्वी अनुसूची 4 मध्ये होता. 2022 च्या दुरुस्तीनं सहाच्या चार अनुसूच्या केल्या, प्राण्यांच्या यादीत ससा राहिला, लोकांच्या डोक्यात मात्र तो भाजीच राहिला. कोणती जात किती धोक्यात आहे ते सांगणाऱ्या जगाच्या लाल यादीत तो सगळ्यात कमी चिंतेच्या गटात आहे. देशभर सापडतो, त्यामुळे ते बरोबरच म्हणायचं. पण 'चिंता नको' असा शिक्का बसला की त्याच्याकडे बघणंही थांबतं. माळढोकासाठी आपल्याकडे 1979 मध्ये अभयारण्य झालं, लांडग्याचे फोटो काढायला लोक पुण्या-मुंबईहून पहाटे येतात. तो लांडगा, ते खोकड, वरचा गरुड आणि रात्रीचं घुबड खातात कुणाला, हे कोण विचारतं? बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर मचाणावर बसून आम्ही मोजणी करतो. वर चंद्रात ससा असतो, त्याच्यावरून चंद्राला शशांक म्हणतात, आणि खाली तो आला की मचाणावरचे पाहुणे म्हणतात, "ससाच आहे," आणि बिबट्याची वाट बघत राहतात.

असो. पिल्लं परत ठेवायची तर जागा नेमकी हवी. मुलाला एवढंच माहीत होतं की "आमच्या रानात". जिला सापडली त्या बाईंना बोलावलं. कापणीचा दिवस सोडून त्या आल्या, वैतागलेल्या, पण जागा त्यांना बोटाएवढी पक्की ठाऊक होती. "बांधावरली ती बोर हाय ना, तिच्या सरळ रेषेत, तिसऱ्या सरीला. इळा घातला आन् बुडख्यात हाललं. अजून थोडं पुढं गेला असता तर तिघंबी कापली असती." त्यांनी डावा अंगठा दाखवला. विळा आवरताना तो स्वतःलाच लागला होता, चिंधी बांधलेली.

तिसऱ्या सरीत आता काहीच नव्हतं. सगळी बाजरी आडवी झालेली, नुसती धसकटं आणि उघडी माती. तिथं ठेवली असती तर दुपारच्या आत घारीनं उचलली असती. पंधरा पावलांवर बांध होता आणि बांधापलीकडे माळ. पवन्या, मारवेल, कुसळी गुडघाभर वाढलेली, मधे तरवड. कागदावर या जमिनीला 'पडीक' म्हणतात. या पडीकात पूर्वी खड्डे घेऊन गिरिपुष्प लावलेले पट्टे आहेत, तिथं सावली आहे, गवत नाही आणि म्हणून ससाही नाही. हा तुकडा तेवढा वाचलेला. बोरीच्या मुळाशी गवत हातानं जरा फाकवून दोन्ही पिल्लं ठेवली. अंगावर कडक वाळलेलं काड टाकलं. हात काढून मी परत बघितलं तर मलाच ती चटकन दिसेनात.

बिबट्याच्या नोंदीसाठी मिळालेला एक कॅमेरा ट्रॅप, समोर काही हाललं की आपोआप फोटो काढणारा, गाडीच्या डिकीत होता. तो बांधावरच्या दगडाला बांधला, खाली जमिनीलगत.

संध्याकाळी साडेपाचला आम्ही लांब बाभळीखाली जाऊन बसलो. यायचं नाही असं बजावूनही मुलगा आला. सहाला सूर्य गेला. तित्तिर ओरडायचे थांबले, टिटवी मात्र थांबेना. मी दुर्बीण लावून बोरीकडे बघत होते. दुर्बिणीत फक्त काळोख दाट होत गेला. मुलगा हळूच म्हणाला, "त्यांना भूक लागली असंल ना?" मी मान हलवली. डास चावत होते आणि हात उचलायचा नव्हता.

सातच्या सुमाराला बांधावरून तीन कुत्री आली. एकामागे एक, नाक जमिनीला. फिरायला आलेली नव्हती ती, कामावर निघाल्यासारखी चालली होती. बोरीपासून वीस-पंचवीस फुटांवर पुढच्याचं नाक वर झालं.

आई आली तर आपल्याला बघून जाईल म्हणून श्वास रोखून बसलेली मी, उठून ओरडत पळत सुटले. ढेकळं मारली. मुलगाही धावला. कुत्री पळाली. आता आसपास कुठं ती मादी असलीच तर तिनं काय केलं असेल ते उघड होतं. 'ससेहोलपट' हा शब्द आपण बस चुकली तरी वापरतो. त्या रात्री त्या शेतात तिची खरोखरीच चालली होती: सकाळी माणसं, संध्याकाळी कुत्री, आणि शेवटी मीच.

पुढं थांबण्यात अर्थ नव्हता. मुलाला घरी सोडलं आणि मी खोलीवर गेले. झोप लागली म्हणता येणार नाही.

सकाळी सहाला कॅमेऱ्याचं कार्ड काढून बांधावरच मोबाइलला लावलं. मुलगा माझ्या आधी येऊन उभा होता. पहिले पंचवीस-तीस फोटो आमचेच, पळताना. मग हलणारं गवत. मग 10 वाजून 47 मिनिटांनी फोटोच्या कडेला दोन कान. पुढच्या फोटोत ती पूर्ण आली होती, पुढचे पाय ताठ करून बसलेली, मान वर, आणि पोटाखाली दोन गोळे. 10.48, 10.49, 10.51. तिचं तोंड प्रत्येक फोटोत वेगळ्या दिशेला. 10.52 ला फक्त पिल्लं. नंतरच्या फोटोत तीही नाहीत.

मुलानं माझ्या हातातून मोबाइल घेतला. त्याला हसू आवरत नव्हतं. तो फोटो पुढं सरकवत राहिला आणि एकदम थांबला.

2 वाजून 20 मिनिटं. तीच तीन कुत्री, यावेळी थेट बोरीपाशी. मधल्याचा चेहरा कॅमेऱ्यासमोर, डोळे पांढरे चमकलेले, उजवा कान अर्धा तुटका. मुलानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. लहान केला. परत मोठा केला.

"आमचा राज्या हाय ह्यो."

माळावरच्या मोकाट कुत्र्यांबद्दल आम्ही बैठकांमधून बोलतो. ती चिंकाऱ्याची पाडसं मारतात, खोकडाला रोग देतात, पुण्याजवळच्या माळावर तर लांडगा आणि कुत्र्याचा संकर जनुकीय तपासणीत सिद्ध झाला. पण 'मोकाट' म्हटलं की ती कुणाचीच नसतात. यांतली बरीच दिवसा कुणाच्या तरी ओसरीवर झोपतात आणि भाकरी खातात.

बोरीखाली पिल्लं नव्हती. रक्त नव्हतं, लव नव्हती. पाजून झालं की पिल्लं आपली आपण वेगवेगळ्या दिशांना जाऊन बसतात, म्हणजे एक सापडलं तरी बाकीची वाचतात. ते मला माहीत होतं, पण पाय थरथरत होते. आम्ही दोघं रांगत, एकेक बुडखा फाकवत शोधत गेलो. अर्ध्या तासानं बोरीपासून तीसेक पावलांवर तरवडाच्या मुळाशी मला एक डोळा दिसला. फक्त डोळा. बाकीचं पिल्लू मग हळूहळू गवतातून वेगळं झालं. पोट गोल होतं. हात लावला नाही.

दुसरं दिसलं नाही. अजून शोधलं असतं तर आमच्याच पायाखाली आलं असतं, म्हणून मागे फिरलो.

घरी पोचलो तर राज्या शेपूट हलवत समोर आला. मुलगा ओसरीच्या पायरीवर बसला, त्याचं तोंड मांडीवर घेतलं आणि कानातली, मिशांतली कुसळं एकेक करून उपसायला लागला. मग आत जाऊन गाईचं जुनं दावं घेऊन आला. म्हातारी म्हणाली, "त्याला कशाला बांधतो रं, राखणीचं कुत्रं हाय."

"रातच्याला बांधायचा, आज्जे," एवढंच तो म्हणाला.

मी नोंदवही काढून लिहिलं: ससा, पिल्लं 3, मृत 1, मुक्त 2.